चारशे किलोमीटरला अठ्ठावीस तास का लागतात?

डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला एक प्रश्न पाठवला आहे. तो थोडक्यात असा: "ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचे यान २५ जून २०२५ रोजी निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडले गेले. रॉकेट नऊ-दहा मिनिटांत अवकाशात पोहोचते आणि स्थानक तर जेमतेम चारशे किलोमीटरवर आहे. पणजीहून मुंबई त्याहून लांब आहे आणि रात्रीची बससुद्धा सकाळी तिथे पोहोचते. मग यानाला २८ तास कशाला लागले, असे बारावीच्या मुलांनी विचारले. रशियाचे सोयुझ तीन तासांत पोहोचते, हेही त्यांनी वाचले आहे. पुढे आपल्या गगनयानाचे काय होणार? मी दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही."

उपग्रहांच्या कक्षांचे गणित आणि त्यांचे नियंत्रण हेच काम मी तीस वर्षांहून अधिक काळ केले असून आता निवृत्तीनंतर फोंड्याला राहतो. आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण मुलांनी विचारलेली शंका बाळबोध मुळीच नाही. या विद्येचा गाभाच तिच्यात आहे. अवकाशात एका यानाने दुसऱ्याला गाठायचे असते तेव्हा वेळ अंतर कापण्यात जात नाही. दोघांची कक्षा, दोघांची त्या कक्षेतील जागा आणि दोघांचा वेग या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळवून आणण्यात तो जातो. बस मुंबईला पोहोचते तेव्हा मुंबई जागच्या जागी असते. स्थानक मात्र सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने धावत असते आणि साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते. शुक्लांच्या यानाने त्या २८ तासांत पृथ्वीभोवती कापलेले अंतर पावणेआठ लाख किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या दुप्पट. चारशे किलोमीटर ही त्यातली फक्त उंची झाली.

ही उंची किती किरकोळ आहे, हे वर्गात दाखवायचे असेल तर एक सोललेला नारळ न्यावा. नारळाचा व्यास बारा सेंटीमीटर धरला आणि तीच पृथ्वी मानली, तर स्थानकाची कक्षा त्याच्या पृष्ठभागापासून चार मिलिमीटरसुद्धा दूर नाही. करवंटीची जाडी साधारण तेवढीच असते. रॉकेटचे खरे काम वर चढणे हे नसून आडव्या दिशेने वेग घेणे हे आहे. उड्डाणानंतर काही सेकंदांतच ते कलू लागते ते याचसाठी. त्याने नऊ मिनिटांत यानाला साधारण दोनशे किलोमीटर उंचीच्या कक्षेत नेऊन सोडले, की यान पृथ्वीभोवती फिरू लागते. स्थानकही फिरतच असते. त्या क्षणी दोघे एकमेकांपासून किती लांब असतील, ते त्या दिवसाच्या गणितावर अवलंबून असते. कधी यान हजारभर किलोमीटर मागे असते, तर कधी स्थानक पृथ्वीच्या थेट पलीकडच्या बाजूला असते.

यात पहिली जुळणी कक्षेच्या प्रतलाची, म्हणजे कक्षेचे वर्तुळ ज्या सपाट पातळीत असते तिची. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करून कललेली आहे. हे प्रतल अवकाशात जवळजवळ स्थिर असते आणि त्याच्या आत पृथ्वी स्वतःभोवती फिरत राहते, त्यामुळे फ्लोरिडातील प्रक्षेपणतळ दिवसातून दोनदा या प्रतलाखालून जातो. त्यांपैकी एका वेळी उड्डाणाचा मार्ग आग्नेयेकडे वस्तीवरून जाईल म्हणून तो वापरत नाहीत. उरली दिवसातली एकच वेळ, आणि तीही एका क्षणाची. त्या क्षणी रॉकेट निघाले नाही, तर त्या दिवसापुरता विषय संपला. इतका काटेकोरपणा कशासाठी, हे एका आकड्यावरून कळेल. कक्षेचे प्रतल अवघ्या एका अंशाने वळवायचे असेल, तर सेकंदाला सुमारे १३४ मीटर इतका वेगबदल करावा लागतो. उलट दोनशे किलोमीटरवरून चारशे किलोमीटरवर चढायला सेकंदाला सुमारे ११६ मीटरच पुरतात. म्हणजे एक अंश वळणे हे दोनशे किलोमीटर चढण्यापेक्षा महाग पडते. हा आकडा मी दर वर्षी नव्या उमेदवारांना फळ्यावर स्वतः काढायला लावत असे. तो आपल्या हाताने निघाल्याशिवाय कोणाला खरा वाटत नाही.

शुक्लांची मोहीम पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जात होती, तेव्हा वर्तमानपत्रांत येणाऱ्या उड्डाणाच्या वेळा मुलांना आठवत असतील. १० जूनला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटे ही वेळ ठरली होती, ११ जूनला ५ वाजून ३० मिनिटे, आणि प्रत्यक्ष उड्डाण झाले २५ जूनला दुपारी १२ वाजून १ मिनिटाने. या वेळा कोणाच्या सोयीने ठरलेल्या नव्हत्या. विषुववृत्ताजवळ पृथ्वीला जो फुगवटा आहे, त्याच्या ओढीमुळे स्थानकाच्या कक्षेचे प्रतल रोज सुमारे पाच अंशांनी पश्चिमेकडे सरकते, आणि त्यात ताऱ्यांच्या हिशेबाने दिवस चार मिनिटांनी लहान असतो त्याची भर पडते. त्यामुळे प्रक्षेपणाची वेळ रोज वीस ते पंचवीस मिनिटांनी अलीकडे येते. मुलांना ११ जून आणि २५ जून या दोन वेळांची वजाबाकी करून तिला चौदाने भागायला सांगा. उत्तर साडेतेवीस मिनिटांच्या आसपास येईल. ११ जूनचे उड्डाण रॉकेटमधील द्रवरूप ऑक्सिजनच्या गळतीमुळे रद्द झाले होते आणि त्यानंतर स्थानकाच्या झ्वेझ्दा या रशियन विभागातील हवेच्या गळतीच्या तपासासाठी आणखी थांबावे लागले, असे असूनही पुढची प्रत्येक वेळ मात्र आकाशानेच ठरवून दिलेली होती.

दुसरी जुळणी जागेची, आणि आपल्या २८ तासांचा मोठा भाग इथेच खर्च होतो. प्रतल जुळले म्हणजे दोघे एकाच वर्तुळाकार रस्त्यावर आले, एवढेच ठरते. स्थानक त्या रस्त्यावर यानाच्या किती पुढे आहे, हे ठरत नाही, कारण निघण्याची वेळ प्रतलाने आधीच बांधून टाकलेली असते. आता खालच्या कक्षेतल्या वस्तूची फेरी लवकर पूर्ण होते, हा केप्लरचा नियम उपयोगी पडतो. दोनशे किलोमीटर उंचीवर एक फेरी साधारण ८८.५ मिनिटांत होते, तर चारशे किलोमीटरवर तिला ९२.५ मिनिटे लागतात. फरक चार मिनिटांचा. वर्तुळाच्या भाषेत सांगायचे तर खालचे यान प्रत्येक फेरीत सुमारे सोळा अंशांनी पुढे सरकते. स्थानक अर्धे वर्तुळ पुढे असेल, तर अकरा-साडेअकरा फेऱ्या म्हणजे सुमारे सतरा तास नुसते खालून धावत राहावे लागते. शिवाय यान सर्व वेळ दोनशे किलोमीटरवर राहत नाही. ते टप्प्याटप्प्याने वर चढत जाते, आणि जसजसे वर जाईल तसतसा त्याचा हा फायदा आटत जातो. म्हणूनच एकाच प्रकारच्या यानाला एका मोहिमेत २८ तास लागतात, तर दुसरीत १५. ऑगस्ट २०२५ मध्ये गेलेली क्रू-११ ही मोहीम साधारण पंधरा तासांत पोहोचली. यान शुक्लांच्या यानासारखेच ड्रॅगन जातीचे आणि रॉकेटही तेच फाल्कन-९.

आता कोणी म्हणेल की इंजिन चालवून सरळ स्थानकाच्या दिशेने वेग का वाढवू नये? हुशार मुले हा प्रश्न विचारणारच. ३ जून १९६५ रोजी अमेरिकेच्या जेमिनी-४ या यानाचे कमांडर जेम्स मॅकडिव्हिट यांनी हाच प्रयोग करून पाहिला होता. त्यांच्याच रॉकेटचा रिकामा झालेला दुसरा टप्पा जवळपास फिरत होता, त्याच्याजवळ जायचे होते. वैमानिकाच्या सवयीप्रमाणे त्यांनी यानाचे तोंड त्याच्याकडे करून जोर लावला. जोर लावला की तो टप्पा आणखी दूर जाई आणि खाली सरके. बरेच इंधन खर्ची पडल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला. घडले ते असे: कक्षेत पुढच्या दिशेने वेग वाढवला की यान वरच्या कक्षेत चढते, वरची कक्षा लांब असते आणि तिथला वेगही कमी असतो, म्हणून यान मागे पडते. पुढच्याला गाठायचे असेल तर आधी ब्रेक लावावा लागतो. ब्रेक लावला की यान खाली उतरते, खालच्या कक्षेत त्याची फेरी लवकर होते आणि ते पुढच्याला गाठते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी-६ए हे यान जेमिनी-७ च्या अगदी लगत पोहोचले ते हेच गणित आधी नीट मांडून, आणि मार्च १९६६ मध्ये जेमिनी-८ मधून नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी पहिले डॉकिंग, म्हणजे अवकाशातली जोडणी, केले. पुढे चंद्रावर उतरलेले बझ ऑल्ड्रिन यांची १९६३ ची डॉक्टरेट याच विषयातली होती, हे मुलांना आवर्जून सांगावे.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक रात्र मला अजून आठवते. दोन उपग्रहांच्या भेटीचा संगणकावरचा सराव चालू होता आणि एका वेगबदलाचे चिन्ह मी उणेच्या ऐवजी अधिक असे भरले. पडद्यावर दोन ठिपके होते. पहिली काही मिनिटे मागचा ठिपका खरोखरच पुढच्याकडे सरकत होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. अर्ध्या तासाने तो वर उचलला जाऊ लागला, मग मंदावला, आणि एक फेरी पूर्ण होईपर्यंत होता त्याहून दूर गेला. चूक लगेच दिसली असती तर मी ती विसरलो असतो. आधी बरोबर वाटते आणि दीड तासाने चुकीची ठरते, ही या कामातील चुकीची खरी भीती आहे, आणि अवकाशयानाला थांबून थांबून, मोजून मोजून पुढे नेतात त्याचे कारणही तेच आहे.

गोव्यातील मुलांना हे कळायला फेरीबोट उपयोगी पडेल. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट ओहोटीच्या वेळी पाहावी. समोर धक्का दिसत असूनही चालवणारा बोटीचे तोंड धक्क्याकडे ठेवत नाही. तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोखतो आणि मांडवीचे पाणीच बोटीला धक्क्यापर्यंत आणते. त्याने नाकासमोर बोट हाकली, तर ती धक्क्याच्या खाली वाहून जाईल. कक्षेतला चालकही असाच, समोर दिसणाऱ्या स्थानकावर नेम न धरता, आपल्याला वाहून नेणाऱ्या गतीचा हिशेब आधी करतो. ही तुलना एका ठिकाणी अपुरी पडते आणि तेही मुलांना सांगावे: बोटीचे इंजिन बंद केले की पाणी तिला अडवते आणि ती थांबते, अवकाशात अडवणारे काही नाही, म्हणून घेतलेला प्रत्येक वेग उलट्या दिशेने इंजिन चालवूनच काढून टाकावा लागतो.

तिसरी जुळणी वेगाची, आणि ती शेवटच्या काही किलोमीटरांत होते. यान स्थानकाच्या काही किलोमीटर खाली आणि मागे येऊन ठेपते. इथे आम्हा लोकांना तोंडपाठ असलेला एक हिशेब आहे: वर्तुळाकार कक्षेत तुम्ही जितके खाली असाल, त्याच्या साधारण साडेनऊ पट अंतर प्रत्येक फेरीत पुढे सरकता. दहा किलोमीटर खाली असाल तर फेरीमागे सुमारे ९४ किलोमीटर, एक किलोमीटर खाली असाल तर साडेनऊ. त्यामुळे किती खाली राहायचे हे ठरवले की किती वेळात पोहोचायचे हे आपोआप ठरते. स्थानकाभोवती चार किलोमीटर लांबीची एक लंबगोल हद्द आखलेली असते. तिच्यात शिरण्यापूर्वी ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राची परवानगी लागते. तिच्या आत २०० मीटर त्रिज्येचा गोल असतो, आणि त्यात ठरलेल्या अरुंद वाटेनेच यायचे असते. ड्रॅगन सुमारे ४०० मीटरवर थांबते, मग २२० मीटरच्या आसपास, मग शेवटी २० मीटरवर. प्रत्येक थांब्यावर लेझरने मोजलेले अंतर, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे चित्र आणि गणिताने काढलेली जागा एकमेकांशी ताडून पाहतात. त्याआधीचा, दुरून जवळ येण्याचा सगळा मार्ग असा आखलेला असतो की यानाची सर्व इंजिने त्या क्षणी बंद पडली तरी ते स्थानकावर न आपटता बाजूने निघून जाईल. सरळ वाटेने गेले तर वेळ वाचेल, पण ही हमी जाईल. २८ तासांतील काही तास ही या हमीची किंमत आहे आणि ती देणे योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटचे वीस मीटर पाहण्यासारखे असतात. यान सेकंदाला दहा सेंटीमीटर किंवा त्याहून कमी वेगाने पुढे येते. उंबऱ्याकडे रांगत येणारे मूल याहून वेगाने येते. वजने मात्र इकडे बारा-तेरा टन आणि तिकडे चारशे टनांहून अधिक. आधी यानाच्या पुढच्या टोकावरचे लवचीक कडे स्थानकाच्या कड्याला टेकते आणि धरते, थरथर विरू दिली जाते, मग ते कडे आत ओढले जाते आणि बारा हुक एकामागून एक घट्ट होतात. २६ जूनला आपल्या वेळेनुसार दुपारी ४ वाजून १ मिनिटाने स्थानकाच्या हार्मनी विभागाच्या वरच्या तोंडाला यान असे टेकले. तरीही दार लगेच उघडले नाही. मधल्या फटीतून हवा गळत नाही ना, दोन्हीकडचा दाब सारखा झाला का, हे तपासण्यात आणखी दीड-पावणेदोन तास गेले.

अंतर आणि वेगाचा हिशेब चुकला तर काय होते, याचे उदाहरण आहे. २५ जून १९९७ रोजी, शुक्लांच्या उड्डाणापूर्वी बरोबर २८ वर्षे, रशियाच्या मीर स्थानकाकडे प्रोग्रेस एम-३४ हे मालवाहू यान येत होते. त्या दिवशी स्वयंचलित यंत्रणा बाजूला ठेवून स्थानकातूनच हाताने यान आणण्याची पद्धत तपासली जात होती. कमांडर वसिली त्सिब्लियेव यांना पडद्यावरच्या चित्रावरून अंतर आणि वेगाचा अंदाज घ्यायचा होता, आणि यानाच्या मागे ढग आणि जमीन असल्याने ते नीट दिसत नव्हते. सात टनांचे यान सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने स्थानकावर आदळले. स्पेक्त्र या विभागाला भोक पडले आणि हवा निसटू लागली. आतल्या तिघांनी दारातून गेलेल्या तारा तोडून तो विभाग बंद केला म्हणून प्राण वाचले. तीन मीटर वेग म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या सायकलपेक्षाही कमी. पुढच्या पिढीतील थांबे, हद्दी आणि तपासण्या यांच्यामागे अशा अनुभवांचा मोठा वाटा आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शुक्ला या मोहिमेचे पायलट होते, म्हणून त्यांनी हातात दांडा धरून यान स्थानकापर्यंत नेले, असे मुलांच्या मनात असते. ड्रॅगन हे काम स्वतः करते. पायलटने कमांडर पेगी व्हिटसन यांच्यासोबत पडद्यावरचा प्रत्येक आकडा अपेक्षित आकड्याशी ताडून पाहायचा असतो आणि काही बिघडले तर थांबवायचे की मागे घ्यायचे, हे क्षणात ठरवायचे असते. हे काम कमी प्रतीचे मुळीच नाही. काहीही न करता तासन्‌तास पूर्ण सावध राहणे आणि गरज पडेल त्याच क्षणी बरोबर हात घालणे, हे मी चांगल्या चांगल्या माणसांना जड जाताना पाहिले आहे.

आता सोयुझचे तीन तास. १४ ऑक्टोबर २०२० रोजी सोयुझ एमएस-१७ निघाले आणि दोन फेऱ्यांत, तीन तासांच्या थोड्या वर, स्थानकाला जोडले गेले. यात जादू नाही, पूर्वतयारी आहे. जागेची जी जुळणी यान कित्येक फेऱ्यांत करते, ती उड्डाणाच्या आधीच करून ठेवलेली असते: काही दिवस अगोदर स्थानकाचीच कक्षा किंचित वरखाली करून, सोयुझ कक्षेत येईल त्या क्षणी स्थानक त्याच्या थोडेसेच पुढे असेल अशी वेळ साधतात. रॉकेटनेही यानाला अगदी नेमक्या कक्षेत सोडावे लागते, कारण चूक सुधारायला फेऱ्याच उरत नाहीत. रशियन लोक पूर्वी दोन दिवस घेत असत. २०१३ पासून सहा तासांचा मार्ग आला, मग तीन तासांचा. सोयुझच्या कुपीत तिघेजण गुडघे पोटाशी घेऊन बसतात, म्हणून त्यांना घाईचे मोलही जास्त. पण मार्च २०१४ मध्ये सोयुझ टीएमए-१२एम या यानाची इंजिने वाटेत एका ठरलेल्या वेळी चालली नाहीत, आणि तेव्हा जुना दोन दिवसांचा मार्गच कामी आला. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा यांचे सोयुझ टी-११ देखील सॅल्यूत-७ या स्थानकाला दुसऱ्या दिवशीच पोहोचले होते. ड्रॅगनमध्ये झोपायला, पाय पसरायला जागा आहे. भारहीनतेत पहिल्या दिवशी बहुतेकांना मळमळते, तेव्हा थोडी झोप घेऊन ताज्या मनाने डॉकिंगला बसणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

गगनयानाबद्दल सांगायचे तर त्याच्या पहिल्या मानवी उड्डाणात कोणालाही गाठायचे नाही. चारशे किलोमीटरच्या आसपास कक्षेत जाऊन फिरायचे आणि समुद्रात सुखरूप उतरायचे, एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे. गाठभेटीची विद्या मात्र आपण वेगळ्या वाटेने शिकत आहोत. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० या रॉकेटने स्पेडेक्स या अवकाशातील जोडणीच्या प्रयोगाचे प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे दोन उपग्रह सोडले. जानेवारीत त्यांची जोडणी दोनदा पुढे ढकलली गेली, एकदा तर उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने सरकू लागले म्हणून. तेव्हा पुष्कळांनी अपयश आले असे मानले. मला मात्र त्या दिवशी मनापासून समाधान वाटले होते, कारण आकडे पटत नसताना थांबता येणे हीच या विद्येतली पहिली परीक्षा. १२ जानेवारीला ते १५ मीटर आणि मग तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा सुरक्षित अंतरावर नेले, आणि १६ जानेवारीला सेकंदाला सुमारे एक सेंटीमीटर वेगाने जोडले. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर हे करणारा भारत चौथा देश ठरला. १३ मार्चला ते पुन्हा वेगळेही केले, आणि माझ्या मते तेही तितकेच महत्त्वाचे, कारण माणसांना परत यायचे असते. २०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभे करण्याचे उद्दिष्ट जाहीर झालेले आहे. आपल्या वर्गात बसलेली मुले तेव्हा तिशीकडे झुकलेली असतील आणि या कामाला नेमकी तीच वयाची माणसे लागतात.

शेवटी वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. पाऊस उघडला की शाळेच्या मैदानावर एकाच केंद्राभोवती चुन्याने दोन वर्तुळे आखा: आतले १० मीटर त्रिज्येचे, बाहेरचे १० मीटर ३० सेंटीमीटरचे. दोनशे आणि चारशे किलोमीटरच्या कक्षांचे हेच खरे प्रमाण आहे. दोन रेषांमधली एवढीशी फट पाहूनच मुले थबकतील. दोन्ही वर्तुळांवर पाव-पाव अंतराच्या खुणा करा. बाहेरच्या मुलीने प्रत्येक पाव भाग २३ सेकंदांत चालायचा, आतल्याने २२ सेकंदांत, आणि तिसऱ्या मुलाने घड्याळ पाहून सेकंद मोठ्याने मोजायचे. इथला एक सेकंद म्हणजे तिथला एक मिनिट. सुरुवातीला आतला मुलगा बाहेरच्या मुलीच्या बरोबर अर्धे वर्तुळ मागे उभा करा. तो तिला गाठेपर्यंत सतरा मिनिटे लागतील, साडेअकरा फेऱ्या होतील, आणि दोघांच्या चालीत डोळ्यांना काही फरक जाणवणार नाही. गाठल्यावर त्याने ती ३० सेंटीमीटरची फट ओलांडून तिच्या पावलाशी पाऊल जुळवायचे. हा प्रयोग मी फोंड्याच्या काही मुलांकडून करून घेतला, तेव्हा आतल्या मुलाने सहाव्या फेरीतच कंटाळून पावले लांब टाकायला सुरुवात केली आणि बाकीची मुले एकदम ओरडली, "अरे, तू वर जाशील!"